रिकाम्या घरट्याचा रहिवास

तळेघरच्या वरच्या वाडीत चिमाजीच्या घरामागच्या आंब्याची एक फांदी वाळली. फांदी माणसाच्या मांडीपेक्षा जाड, आणि नेमकी कौलांवर आलेली. वळवाचा वारा सुटायच्या आत ती उतरवली नाही, तर ती आपली आपण उतरेल आणि खाली झोपलेल्यांना घेऊनच उतरेल, हे कळायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. तज्ज्ञ पुढे आलेच, तो भाग वेगळा.

त्या फांदीच्या शेंड्याला शेकरूचं एक जुनं घरटं होतं. शेकरू म्हणजे तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. राज्याचा प्राणी, कायद्याने संरक्षित. वाडीतला दुसरा कुणी असता तर कोयता घेऊन वर चढला असता आणि संध्याकाळपर्यंत फांदीचं सरपण झालं असतं. चिमाजीने मात्र चूक केली. त्याने परवानगी मागितली.

"इचारायला कशापायी गेलास, राव?" शेजारच्या बहिरूने कपाळावर हात मारून घेतला. "आता बस बोंबलत."

"अरं, कायदा हाय. मुक्या जिवाचं घर हाय ते," चिमाजी म्हणाला. बिचाऱ्याचा कायद्यावर विश्वास होता, कारण तोवर त्याचं कायद्याकडे कधी काम पडलं नव्हतं.

वनखात्याच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी अर्ज उलटा केला, सुलटा केला, आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "घरटं वापरात आहे का?"

"न्हाई, भाऊसाहेब. शेकरू पाच-सात घरटी बांधतं आन् राहतं एकात. ह्ये दोन वर्सं झाली, रिकामंच हाय."

"मग रिकामं असल्याचा दाखला जोडा."

"त्यो कोण देतं?"

"आम्हीच. पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो."

चिमाजीने वेगळा अर्ज केला. बावीस दिवसांनी वनरक्षक संपत दुर्बीण घेऊन आला. पोरगा त्याच डोंगरातला, त्याला सगळं कळत होतं. तेच त्याचं दुखणं होतं.

"चिमाजीभाऊ, घरटं रिकामं हाय ह्ये मलाबी दिसतंय," तो हळूच म्हणाला. "पर रिकामं लिवलं, तर वरून इचारतील, जनावर गेलं कुठं? हाकललं कुनी? जवळ घर तुमचंच. म्हंजी गुन्हा तुमच्यावर."

चिमाजीने संपतचा हात धरला. "मंग बाबा, राहतंय म्हणून लिव."

संपतचा जीव भांड्यात पडला. त्याने पंचनाम्यात लिहिलं : "घरटे वापरात आहे. पाहणीच्या वेळी प्राणी बाहेर गेलेला होता."

एकदा घरटं वापरात आलं म्हटल्यावर पुढचं ओघानेच आलं. पंधरा दिवसांत नोटीस आली. संरक्षित प्राण्याच्या शांततेसाठी घरट्यापासून पन्नास मीटरच्या आत धूर करू नये, मोठ्याने बोलू नये, पाळीव पक्ष्यांना आरवू देऊ नये आणि छपरावर चढू नये. म्हणजे चूल बंद, भांडण बंद, कोंबडा बंद आणि पावसाआधीची शाकारणीही बंद.

"अगं बाई!" चिमाजीच्या बायकोने, कोंडाबाईने पदर खोचला. "खारीला धूर लागंल म्हणून आमी कच्चं पीठ खायाचं व्हय? आन् ती खार तरी कुठं हाय? दावा मला. तिलाच इचारते!"

"हळू बोल," चिमाजी कळवळून म्हणाला. "पन्नास मीटरात हाईस."

कोंडाबाई पन्नास मीटरांपलीकडच्या बहिरूच्या चुलीवर नाचणीच्या भाकरी थापू लागली. चिमाजी कोंबड्याला पहाटे डाल्याखाली घालून वर पोतं टाकी. कोंबडा पोत्याखालून आरवे. त्याला नोटीस वाचता येत नव्हती.

चैत्र सरला. फांदी कुरकुरायला लागली. रात्र रात्र चिमाजी त्या आवाजाकडे कान लावून पडे. शेवटी त्याने तिसरा अर्ज केला : साहेब, जिवाला धोका आहे. 'जिवाला धोका' हे शब्द वाचून कार्यालय खडबडून जागं झालं. शेकरूच्या जिवाला धोका! ताबडतोब समिती नेमली.

समिती चार गाड्यांतून आली. घाटाच्या प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत ती शांतता क्षेत्रात दाखल झाली. समितीच्या प्रमुख मोहिनी मॅडम बोलायला फार गोड होत्या. त्यांनी चिमाजीला खुर्चीवर बसवलं. खुर्ची बहिरूची होती.

"मॅडम, वाळल्या फांदीवर शेकरू राहतं व्हय?" चिमाजीने हात जोडले.

"का नाही? माणसं नाही का राहत मोडक्या घरांत?" मॅडम त्याच्या छपराकडे बघत म्हणाल्या. "बरं, मला सांगा, हे झाड आधीचं की घर आधीचं?"

आता तरी आपली बाजू भक्कम झाली, असं चिमाजीला वाटलं. तो ताठ बसला. "घर आधीचं, मॅडम! माझ्या आज्यानं घर बांधलं, मंग आंबा लावला. आख्खी वाडी सांगंल."

मॅडमनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि त्याचा अंगठा नको, सहीच घेतली. अहवालात आलं : "शेकरूच्या अधिवासात आपले घर फार पूर्वीपासून असल्याचे अर्जदाराने स्वतः कबूल केले आहे. सबब, अतिक्रमण जुने व गंभीर स्वरूपाचे आहे."

निर्णय मात्र माणुसकीला धरून झाला. घर पाडायचं नाही, फक्त शेकरूला निवांतपणा मिळावा म्हणून कुटुंबाने वाडीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं. तात्पुरतं. तात्पुरतं म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

कोंडाबाई निघताना उंबऱ्यावर बसली आणि ढसाढसा रडली. याच घरातून तिच्या दोन लेकी सासरी गेल्या होत्या. चिमाजीने तिला उठवलं. त्याला आपलीच लाज वाटत होती. कोयत्याचं काम त्याने कागदावर नेलं होतं.

आठव्या दिवशी दुपारी वळवाचा वारा सुटला. फांदी मोडली, कौलं फोडून, आढं मोडून थेट चुलीवर येऊन पडली. घरात कुणी नव्हतं म्हणून चिमाजीने देवाचे आणि समितीचे आभार मानले. इतका तो सरळ माणूस.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला अख्खं कार्यालय हजर. संपत मान खाली घालून टेप धरत होता. भाऊसाहेब सांगत होते, मॅडम लिहीत होत्या : "संरक्षित प्राण्याचे घरटे कौलांवर आपटून नष्ट झाले. कौले नसती, तर घरटे पालापाचोळ्यावर अलगद उतरले असते."

"कौलं कोणाची?" मॅडमनी गोड आवाजात विचारलं.

"माझी," चिमाजी म्हणाला.

गुन्हा दाखल झाला. मोडलेलं घर पुरावा ठरलं, त्यामुळे निकाल लागेपर्यंत त्याचं एक कौलही हलवायचं नाही असा आदेश निघाला. पाऊस तीन आठवड्यांवर होता. कौलं चढवू द्यावीत म्हणून चिमाजीने चौथा अर्ज केला.

तेवढ्यात भीमाशंकरकडे निघालेल्या एका ट्रेकरने त्या विस्कटलेल्या घरट्याचा फोटो काढला. मागचं मोडकं घर त्याने फोटोतून कापून टाकलं, निसर्ग बिघडत होता म्हणून. खाली लिहिलं, 'शेकरूचं घर मोडणाऱ्याला कडक शिक्षा झालीच पाहिजे. सही करा.' आठवड्याभरात चाळीस हजार सह्या झाल्या. कुणी सिग्नलला थांबल्या थांबल्या केली, कुणी चहा गार व्हायच्या आत केली.

बहिरूने मोबाइल आणून चिमाजीच्या हातात दिला. शेडच्या दारात बसून चिमाजी एकेक नाव वर सरकवू लागला. बहुतेक सगळी इंग्रजीत. वाचकहो, तुमचं तेवढं मराठीत होतं, म्हणून त्याला वाचता आलं. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"नाव चांगल्या घरचं दिसतंय," कोंडाबाई म्हणाली. "कनवाळू माणूस असंल. धनी, ह्यांना इचारा की, कौलं चढवायच्या आपल्या अर्जावर बी एक सही करत्याल का?"