शेवटून दहावा ठोका

एका जंगलात, मुलांनो, उन्हाळा असा कडक पडला की सगळे ओढे आटले आणि एकच डोह उरला.

डोह आपला, पण तहान सगळ्यांची. पलीकडच्या रानातली जनावरंही तिथे येऊन पाणी पिऊ लागली. वाघोबा महाराजांना हे खपलं नाही. त्यांनी डोहाभोवती काटेरी कुंपण घातलं, एक दार ठेवलं आणि दारावर गेनबा नावाच्या गव्याला बसवलं.

गेनबा अंगाने दांडगा होता. दार अडवून उभा राहिला की वारासुद्धा विचारून आत जायचा. फक्त त्याच्या लक्षात काही राहत नसे. सकाळी खाल्लेलं गवत दुपारी रवंथ करताना त्याला नवीनच वाटे.

आता आपलं कोण आणि परकं कोण, हे कसं ओळखायचं? महाराजांचे चिटणीस होते साळपंत. जातीने साळिंदर. लेखणी अंगावरच, त्यामुळे लिहायला कारण लागत नसे. त्यांनी पळसाच्या पानावर एक ओळ लिहिली.

‘दाराशी येऊन खुराचा एक ठोका द्यावा, मग शेपटीचे झटके हवे तितके, नसले तरी चालतील, आणि शेवटी पुन्हा एक ठोका.’

दरबाराने माना डोलावल्या. एका ओळीत नियम बसला म्हणजे राज्य चांगलं चाललं आहे, असं तेव्हा समजत.

गेनबाची मात्र पहिल्याच दिवशी तारांबळ उडाली. समोर हौसा नावाचं भेकर उभं होतं. हौसा लांबच्या टेकाडावरून रोज ऊन तुडवत यायची. तिने ठोका दिला, चार झटके दिले, पुन्हा ठोका दिला.

“आता ह्यो पहिला ठोका म्हणायचा का दुसरा?” गेनबाने विचारलं.

“दुसरा, काका.”

“पहिला कवा झाला?”

हौसाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. असं पाच वेळा झालं.

रांगेत खवलेबाई उभ्या होत्या. खवले मांजर म्हणजे अंगाचे खवलेसुद्धा शिस्तीत लावलेले. त्या म्हणाल्या, “गेनबादादा, तुम्ही काही लक्षात ठेवू नका. मी तीन दगड मांडते. आधी पहिल्यावर उभं राहा. ठोका ऐकला की दुसऱ्यावर जा. झटका दिसला तर तिथेच थांबा. पुन्हा ठोका ऐकला की तिसऱ्यावर. समोरचं जनावर थांबलं आणि तुम्ही तिसऱ्यावर असलात, तर आत सोडा. बाकी काही झालं तर बाजूला खड्डा आहे, त्यात उतरा आणि त्याला परत पाठवा.”

“म्हंजी पाय कुठल्या दगडावर हाय, त्येवढंच बघायचं?”

“तेवढंच.”

गेनबाला रडू यायचं बाकी राहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी न विसरता येण्यासारखं काम दिलं होतं. त्या दिवशी हौसा पोटभर पाणी प्यायली.

(मोठेपणी तुम्ही संगणक शिकायला गेलात, तर ही पानावरची ओळ रेग्युलर एक्स्प्रेशन आणि हे दगड फायनाइट ऑटोमेटा अशी नावं लावून भेटतील. तेव्हा घाबरू नका. गेनबाला जमलं होतं.)

पण आठवडाभरात परक्या जनावरांनी ठोक्याझटक्यांचा क्रम पाठ केला. साळपंतांनी जुनी ओळ खोडून नवी लिहिली.

‘ठोके आणि झटके कसेही, कितीही द्यावेत. मात्र शेवटून तिसरी खूण ठोक्याची असावी.’

गेनबा विचारात पडला. “साळपंत, जनावर कवा थांबणार हे मला आधी कसं कळावं? ते थांबल्याबिगर शेवट कुठला, आन् शेवटून तिसरं कुठलं?”

“अंदाज करावा,” साळपंत म्हणाले.

“चुकला तर?”

“अचूक अंदाज करावा.”

खवलेबाईंनी यावरही तोड काढली. दगड चार मांडले. “एक पाय पहिल्या दगडावर कायमचा ठेवा. ठोका ऐकला की वाटेल, हाच शेवटून तिसरा ठरायचा. म्हणून दुसरा एक पाय दुसऱ्या दगडावर टाका. पुढच्या प्रत्येक खुणेला तो पाय एकेक दगड पुढे जाईल, आणि चौथ्यानंतरही खूण आली तर तो उचलून घ्या. जनावर थांबेल तेव्हा कुठलाही पाय चौथ्या दगडावर असला, की सोडा.”

लागोपाठ तीन ठोके आले की गेनबाचे चारी पाय चार दगडांवर फाकत. संध्याकाळपर्यंत कंबर धरली. तेव्हा खवलेबाईंनी त्याच्याभोवती फिरून मोजलं. त्याच्या उभं राहण्याच्या आठच तऱ्हा होत्या. त्यांनी प्रत्येक तऱ्हेसाठी एक, असे आठ दगड मांडले. आता गेनबा पुन्हा एका वेळी एकाच दगडावर उभा राहू लागला. जंगलाने खवलेबाईंचं कौतुक केलं आणि ते रास्तच होतं.

एवढ्यावर थांबले असते तर आपल्याला गोष्ट मिळाली नसती. परक्यांनी हेही शोधून काढलं. महाराज गुरगुरले. साळपंतांनी पान मागवलं, ‘तिसरी’ हा शब्द खोडला आणि ‘दहावी’ लिहिलं.

“एकच शब्द बदलला आहे,” ते म्हणाले. “जनतेला तोशीस नको.”

खवलेबाईंनी वाळूत आकडेमोड केली. मग म्हणाल्या, “दगड लागतील एक हजार चोवीस.”

“एका शब्दाला?”

“एक आकडा वाढला की दगड दुप्पट होतात.”

“काही दगड एकसारखे असतील. ते काढून टाका.”

खवलेबाई प्रामाणिक होत्या. त्यांनी दोन दिवस वाळूत आखलेला प्रत्येक दगड दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाहिला. “एकही काढता येत नाही,” त्यांनी सांगितलं, आणि खरं सांगायचं तर हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. इतकं मोठं आणि इतकं नेमकं काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

दार बंद करून काम सुरू झालं. अस्वलं दगड वाहू लागली. आसपासचे दगड शंभरातच संपले.

“आता कुठून आणू?” अस्वलांच्या मुकादमाने विचारलं.

“जवळ असतील तिथून,” खवलेबाई म्हणाल्या. त्या तेव्हा सातशे तेराव्या दगडावरून ठोक्याला कुठे जायचं, ते आखत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सगळ्यात जवळ होता डोहाचा बांध. चांगले घडीव दगड होते. अस्वलांनी ते नेले.

हौसा तीन दिवस कुंपणाबाहेर बसून होती. करवंदं चोखून तिने दिवस काढले. परत टेकाडावर जाण्याइतकं बळ तिच्या पायात राहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दार उघडलं. वाघोबा महाराज स्वतः आले होते. पहिला मान हौसाचा. ती कशीबशी उभी राहिली. तिने ठोके दिले, झटके दिले. शेपटी हलवताना तिला भोवळ येत होती. गेनबा या दगडावरून त्या दगडावर जात राहिला, एकदाही चुकला नाही. हौसा थांबली. गेनबाने पायाखालचा दगड पाहिला.

“बरोबर हाय. तू आपलीच हाईस, पोरी. जा, पी पोटभर.”

हौसा आत गेली. थोड्या वेळाने परत आली.

“काका, पाणी नाही.”

“आसं कसं? माझा दगड तर बरोबर हाय.”

सगळे आत धावले. डोहात चिखल होता आणि चिखलात एक बेडूक. फुटक्या बांधातून पाणी केव्हाच पलीकडच्या रानात उतरून गेलं होतं.

साळपंतांनी पान दोनदा वाचलं. “नियमात पाण्याचा उल्लेख नाही,” ते म्हणाले.

हौसा ओल्या वाटेवर नाक टेकून हळूहळू उताराला लागली. पलीकडच्या रानात डबकं साचलं होतं. तिथे एक म्हातारी नीलगाय पाणी पीत होती. हौसाने सवयीने खूर उचलला, ठोका द्यायला.

“पाय दुखतोय का गं?” नीलगाईने विचारलं आणि बाजूला सरकून जागा केली.

हौसाला रडू आलं. मग ती पाणी प्यायली.

इकडे त्या दारातून आजतागायत एकही परकं जनावर आत शिरलेलं नाही. खवलेबाईंचं काम अजून कुणाला खोटं पाडता आलेलं नाही, आणि ऊन असो, वारा असो, गेनबा अचूक दगडावर उभा असतो.

तात्पर्य : पाणी काय, कुठल्याही डबक्यात मिळतं, अचूक दार नशिबानेच मिळतं. म्हणून मुलांनो, ते मिळालं की तहानेची तक्रार करू नये.