बुफे आणि सातपुतेकाका

आमच्या वारज्याच्या सोसायटीतले सातपुतेकाका प्रत्येक लग्नाला जातात, अक्षता टाकतात, आहेर देतात आणि उपाशी घरी येतात. कारण जेवण बुफे असतं. कुणी वाढल्याशिवाय जेवायचं नाही, हा काकांचा नियम. आणि नियम म्हणजे काही पुण्यातला सिग्नल नव्हे, मोडायला.

काका निवृत्त मुद्रितशोधक. शब्द दिसला की त्याची झडती घेणार. "बुफे हा फ्रेंच शब्द. तिकडे घरात बुफे म्हणजे भांड्यांचं कपाट. स्टेशनात बुफे म्हणजे खाण्याचं दुकान. समारंभात मांडून ठेवलेलं जेवण. आणि आपल्याकडे? यजमानानं अंग काढून घेण्याची सोय!" हे सगळं त्यांनी एकदा प्लेटा देणाऱ्या पोऱ्याला ऐकवलं. त्यानं शांतपणे मागच्या माणसाला प्लेट दिली.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या मुलीचं लग्न झालं. साहेब मूळचे वारजे गावातले. शेतावर इमारती आल्या, पण आवाज बांधावरचाच राहिला.

"काका, आज जेवल्याबिगर सोडणार न्हाय! अकरा काउंटर हायेत!"

"आहेत ना. आग्रह करणारं एकावरही नाही."

साहेब हसले आणि कुण्या पुढाऱ्याच्या स्वागताला धावले. मी चायनीजच्या रांगेतून पाहिलं, तर काका बसस्टॉपकडे निघालेले. पंचाहत्तरीत हा हट्ट! मला खरंच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, साहेबांनी दिलेला लाडवांचा पुडा पोचवायला मी काकांकडे गेलो. दार उघडंच होतं. काका ओट्यापाशी उभे राहून कुकरच्या भांड्यातूनच आमटीभात खात होते.

"काय काका, बुफे?" मी संधी सोडली नाही.

काकांनी चमचा खाली ठेवला. "ही गेल्यापासून असंच चाललंय. ताट घेऊन बसलं की समोर कुणी नाही, हे दिसतं हो. म्हणून वाटतं, निदान लग्नात तरी कुणीतरी वाढावं."

माझी मलाच लाज वाटली. मी घरून जेवून निघालो होतो, तरी म्हणालो, "काका, मला भूक लागलीय."

त्यांनी घाईघाईनं टेबलावरची वर्तमानपत्रं उचलली, दोन ताटं पुसून मांडली आणि वाढायला सुरुवात केली. "अहो, लाजू नका. आमटी घ्या. एवढासा भात काय जड आहे?" पोटात तसूभर जागा नव्हती. मी ताटावर आडवा हात धरला, तो त्यांनी हलकेच बाजूला केला. त्यांचं स्वतःचं ताट मात्र रिकामंच होतं.

मी उठून त्यांच्या हातातला डाव घेतला आणि त्यांना भात वाढला, वर आमटी घातली. काका खुर्चीवर बसले. मग मान खाली घालून जेवू लागले.