घरातलं बाहेरचं

सुकन्याबाईंनी चौथीच्या वर्गाला दिलेला गृहपाठ इतका साधा होता, की त्यावरून अख्खी वस्ती हादरेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. भिगवणच्या अलीकडे, उजनीच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर ही दोन खोल्यांची शाळा. धडा होता देशाच्या इतिहासाचा. हा देश कुणा एकाचा नाही, कितीतरी लोक आले, राहिले आणि इथलेच झाले, हे बाईंनी जीव ओतून शिकवलं. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला, दुकान आणि तारीख हे शब्द फारसीतून आले, अण्णा आणि अक्का कानडीतून. पोरं बटाट्यावर फार खूश झाली. शेवटी बाई म्हणाल्या, "प्रत्येकाच्या घरात बाहेरचं काहीतरी असतंच. वस्तू असेल, शब्द असेल, एखादं माणूससुद्धा असेल. घरी शोधा आणि वहीत लिहून आणा."

बाई पुण्यात वाढलेल्या. 'बाहेरचं' म्हटलं की त्यांना हॉटेलातलं जेवण आठवायचं. वस्तीवर मात्र या शब्दाचा अर्थ एकच. झाडावरून, विहिरीवरून येतं आणि माणसाला धरतं, ते बाहेरचं.

दुसऱ्या दिवशी दारोदार लिंबू-मिरच्या लटकल्या. शाळा भरायच्या आधीच ऋतिकचे वडील बापूसाहेब फाटकात येऊन उभे राहिले.

"बाई, आमच्यात बाहेरचं हाय म्हणं?"

"असणारच की! सगळ्यांच्याच घरात असतं."

"समद्यांच्या?" बापूसाहेबांनी टोपी काढून घाम पुसला.

"माझ्याही आहे. आजीकडून आलंय. आम्हाला अभिमान आहे त्याचा."

बापूसाहेब दोन पावलं मागे सरकले. "आन् ते काढायचं कसं?"

"काढायचं कशाला? जपायचं. मुलांना द्यायचं."

ऋतिकचं दप्तर एका हातात आणि ऋतिक दुसऱ्या हातात धरून बापूसाहेब घराकडे चालू लागले. दुपारपर्यंत वर्गात चारच पोरं उरली. बाईंना वाटलं, साथ आली असावी.

त्या चारांत छकुली होती. तिच्या घरी शोध केव्हाच संपला होता. तिची आई निकिता हिने सासूकडे, सिंधुबाईंकडे, बोट दाखवलं होतं. म्हातारी रोज शेळीला पाला घालताना भलतंच काही पुटपुटायची. "बा इल्लि, ऊटा माडु." इतकी वर्षं घरच्यांनी ते वयावर घातलं होतं. आता निकिता नवऱ्याला म्हणाली, "आवो, बाईंनी सांगितलंया, माणूससुदिक आसंल म्हून. आत्यांनाच हाय ते. तुमी आदी देवरुशाला, म्हस्कूतात्यांला, बोलवा."

ज्ञानेशला ते पटलं, कारण आईबद्दल त्याला फारसं काही ठाऊकच नव्हतं. आईचं माहेर 'लांब, तिकडं खाली' आहे, एवढंच तो ऐकून होता. तिकडून कधी कुणी आलं नाही, हाही कधी मामाच्या गावाला गेला नाही. डाळिंबाच्या प्रत्येक फवारणीची तारीख त्याला पाठ होती, पण आईला एवढं विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं. याचं वाईट वाटावं, हेही त्याला अजून सुचलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत घरी गेलेली छकुली धापा टाकत परत आली. "बाई, आजीचं बाहेरचं काढाय तात्या आल्यात! मी वहीत काय लिहू?"

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या तशाच पळाल्या.

ज्ञानेशच्या अंगणात निम्मी वस्ती जमली होती. मध्ये सिंधुबाई, समोर कडुलिंबाचा डहाळा घेतलेले म्हस्कूतात्या. पूर्वी तात्या डहाळ्याने झोडपायचे. "आता कायदा हाय, मारायचं न्हाय. निस्तं इचारायचं," असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं.

"कोण हायस तू?" तात्या गरजले.

म्हातारीने मान वर केली. "निंगव्वा."

"आगं बया! दुसरंच नाव!" निकिता किंचाळली.

"कुठनं आलीस?"

"अथणीच्या पल्याडनं. मेंढरामागनं चालत आले. सोळाची होते. हितं आल्यावर सासूनं सिंधू नाव ठेवलं, आन् म्हणाली, आता आपलंच बोलायचं."

तात्यांना हुरूप आला. इतकं सरळ उत्तर देणारं भूत त्यांना उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं. "काय पायजे तुला? कोंबडा? नारळ?"

सिंधुबाईंनी बराच विचार केला. "कुणीतरी माज्याशी माज्या बोलीत चार शब्द बोलावं. शेळीशी बोलती मी, ये हितं, जेव म्हणती, पर ती काय बोलत न्हाय."

"मग जाशील का सोडून?"

"कुठं जाऊ? तितं आता कोण हाय माजं?"

तेवढ्यात बाई गर्दीतून घुसल्या. "अहो तात्या, थांबा! अथणी कर्नाटकात आहे, त्या कानडी बोलतात. ते भूत नाही, भाषा आहे!"

"कुटली का आसंना, बाहेरचीच की," तात्या म्हणाले, पण उगारलेला डहाळा त्यांनी खाली घेतला.

बाईंनी कसंबसं सगळं उलगडून सांगितलं. बोलता बोलता त्यांना रडू आलं, कारण त्यांच्या सुंदर धड्याने एका म्हातारीला अंगणात आणून बसवलं होतं. लोक एकमेकांकडे न बघता पांगले. बापूसाहेब जाताजाता उताऱ्यासाठी आणलेली आपली लिंबं परत घेऊन गेले. ज्ञानेश आईच्या पायाशी बसला. "आये, चुकलं गं. मला ठावंच न्हवतं."

"तू लहान होतास," सिंधुबाई म्हणाल्या. ज्ञानेश बेचाळीस वर्षांचा होता.

म्हस्कूतात्यांनी पिशवी उचलली, तशा त्या गडबडीने म्हणाल्या, "निगाला व्हय, तात्या? बसा की. आजून इचारा."

"आता काय इचारू, आक्का? आमचं सवालच चार. समदं झालं इचारून."

"मग तेच परत इचारा. पन्नास वर्सांत कुणी इचारलं न्हवतं."

तात्यांनी एकदा ज्ञानेशकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग डहाळा बाजूला ठेवून ते पुन्हा मांडी घालून बसले.

"कोण हायस गं तू?" त्यांनी विचारलं. या खेपेला त्यांचा आवाज काही चढेना.