आप्पा केळुसकर आणि एक वडाळेकर

आमच्या ठाकूरद्वारच्या वाडीत जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाणी कधी जाणार, हळदीकुंकू कुणाकडे, कोण वारलं, हे सगळं त्यावर खडूने लिहितात. आणि आप्पा केळुसकरांनी ब्लॉग लिहिला की तेही. 'नवा लेख : वाडीतली विहीर कुणी बुजवली?' असं शीर्षक, खाली ब्लॉगचा अख्खा पत्ता, टिंबं आणि तिरप्या रेघांसकट. तो बघून कुणी घरी जाऊन टाइप करेल अशी त्यांची खरंच समजूत आहे. मी एकदा म्हटलं, आप्पा, ग्रुपवर लिंक टाका, बोट लावलं की उघडते. तर म्हणाले, बोट लावून उघडतं ते बोट लावून बंदही होतं.

आप्पा ऐंशीचे, माझ्या समोरच्या खोलीत एकटे राहतात. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर पुतण्याने कॉम्प्युटर आणून दिला. तेव्हा ब्लॉगची हवा होती. दादरला ब्लॉगवाल्यांचा मेळावा भरायचा, आप्पा कडक इस्त्रीचा सदरा घालून जायचे. एका पेपराने त्यांचा लेख छापला तेव्हा अख्ख्या वाडीला पेढे वाटले होते. मग एकेक ब्लॉगवाला फेसबुकवर गेला, आता सगळे रीलमध्ये हातवारे करतात. आप्पा जागचे हलले नाहीत. माझ्या मुलीने फारच गळ घातली म्हणून एकदा रील करायला बसले, तर मिनिटभर 'चालू झालंय का' एवढंच विचारत राहिले. त्यांच्या सगळ्या लेखांना मिळून जेवढे वाचक नसतील तेवढ्या लोकांनी ते पाहिलं.

"स्वतः पाहिलंत का?" हे त्यांचं पालुपद. नाक्यावर झाड पडलंय म्हणून सांगावं, तर हे आधी जाऊन झाडाला हात लावून येणार. विहिरीच्या लेखासाठी सहा महिने चार म्हाताऱ्यांच्या घरी खेटे घातले. त्यामुळे त्यांची बातमी लोकांना कळून, शिळी होऊन, विसरून झाल्यावर येते.

आणि एवढं करूनही गेली काही वर्षं प्रत्येक लेखात एक ढोबळ चूक असायचीच. ती पकडणारा वाचकही एकच, 'वडाळेकर' नावाचा. 'साफ चूक. कुलकर्ण्यांचा पोपट नव्हता, मैना होती.' आप्पा ते मला दाखवून दिवसभर धुसफुसायचे आणि मग खाली लिहायचे, 'दुरुस्ती केली आहे. आभारी आहे.' वडाळेकर सोडून तिथे दुसरं कुणी कधी काही लिहायचं नाही.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाळा पेडणेकरांचा हार घातलेला फोटो आला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. पेडणेकर म्हणजे आप्पांचे शाळासोबती, आधी तळमजल्यावरच राहायचे. सहा वर्षांपूर्वी गणपतीतल्या नाटकात ते संवाद विसरले आणि आप्पांनी ब्लॉगवर लिहिलं, 'प्रॉम्प्टरची भूमिका उत्तम वठली.' पेडणेकरांनी बोलणं टाकलं. त्याच वर्षी मुलाकडे वडाळ्याला गेले, ते पुन्हा वाडीत फिरकले नाहीत.

अर्ध्या तासात गिरगावच्या कुठल्याशा बातम्यांच्या पेजवर मथळा झळकला, 'गिरगावच्या रंगभूमीचा आधारवड हरपला'. मीही हात जोडून मोकळी झाले होते, खोटं कशाला सांगू. खाली आमचे सेक्रेटरी खडू घेऊन फळ्यापाशी गेले, तर आप्पा फळ्याला पाठ लावून उभे. चेहरा पांढराफटक.

"स्वतः पाहिलंत का?"

सेक्रेटरी म्हणाले, अहो, सगळ्यांनी टाकलंय.

"सगळ्यांनी एकमेकांचं बघून टाकलंय. मी बघून येईपर्यंत या फळ्यावर बाळाचं नाव लिहायचं नाही."

पेडणेकरांच्या मुलाचा फोन सारखा बिझी. शेवटी मीच आप्पांना टॅक्सीत घातलं. मला वैताग आला होता, म्हाताऱ्याला कसं समजवायचं तेच कळेना. परळ मागे पडल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुनंदा, वडाळेकर म्हणजे बाळाच. त्याचं ते 'साफ चूक' मी शाळेपासून ऐकतोय." मी टॅक्सीवाल्याला गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

दार खुद्द पेडणेकरांनी उघडलं. अंगात गंजी, हातात उपम्याची बशी. आदल्या दिवशी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं होतं. मुलाने सत्कारातला हार घातलेला फोटो स्टेटसला ठेवला, वर एक शब्द लिहिला नाही, आणि आमच्या हुशार वाडीने हार बघून माणूस पोचवला. मुलगा आतल्या खोलीत सकाळपासून फोनवर एकच वाक्य सांगत होता, बाबा आहेत, बाबा आहेत.

मला इतकं हलकं वाटलं की मी दारातच हसायला लागले. आप्पा उंबऱ्याबाहेरच उभे.

पेडणेकर म्हणाले, "काय रे, स्वतः बघूक इलंस?"

आप्पांनी मान डोलावली आणि चक्क रडायला लागले. पेडणेकरांनी बशी खाली ठेवून त्यांना हाताला धरून आत नेलं. सहा वर्षांचा अबोला दोन बश्या उपम्यात संपला. दुपारपर्यंत त्या नाटकावरून पुन्हा भांडण जुंपलं होतं, पण ते बोलून.

संध्याकाळी आप्पांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाळा पेडणेकर हयात आहेत. स्वतः पाहिले.' दोन दिवसांनी ब्लॉगवर लेख आला. मी पहिल्यांदाच फळ्यावरचा पत्ता बघून टाइप केला. छान लिहिलं होतं, फक्त एका ठिकाणी अडखळले. लगेच समोर जाऊन म्हटलं, आप्पा, पेडणेकरांकडे आपण उपमा खाल्ला, तुम्ही पोहे लिहिलंत.

"ठाऊक आहे मला," आप्पा म्हणाले. "सगळं बरोबर लिहिलं तर बाळा काय लिहील?"

तो पोपट, ती मैना, सहा वर्षांतल्या सगळ्या चुका डोळ्यांपुढे आल्या. तेवढ्यात आप्पांनी चष्मा वर केला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. लेखाखाली नवी ओळ आली होती, या वेळी खऱ्या नावाने.

'साफ चूक. उपमा होता. रविवारी परत ये, पोहे करायला सांगतो. — बाळा'