पारायणाला बसलेलं पुस्तक

नवं पुस्तक फडक्यात गुंडाळावं की तसंच ठेवावं, एवढाच प्रश्न होता. मी गुंडाळायचं ठरवलं. माझ्या हातून आजवर जे काही बिघडलं, ते निष्काळजीपणामुळे फार थोडं. बहुतेक सगळं काळजी घेतल्यामुळे.

मी गावच्या हायस्कुलात कारकून आणि गावच्या वाचनालयाचा चिटणीस. (कारकुनीला पगार असतो आणि चिटणीसपणाला मान असतो, असं म्हणतात. पगार मिळतो एवढं खरं.) अधूनमधून जिल्ह्याच्या साप्ताहिकात लिहितो, म्हणून गाव मला लेखकही म्हणतं, पण ते बहुधा मी पाठमोरा असताना. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवीन होतं आणि नव्या राज्याला वाचनालयांची हौस होती. त्या चैत्रात पुण्याहून नव्याकोऱ्या पुस्तकांचं पार्सल आमच्या बीबी गावच्या एस.टी. थांब्यावर उतरलं. सगळा इतिहास, धर्म आणि संस्कृती. कादंबरी एकही नाही, कारण निवड मी केली होती.

त्यातलं सगळ्यात जाड पुस्तक वऱ्हाडातल्या ग्रामदेवतांवर होतं. लेखक पुण्याचे एक प्राध्यापक. तेच येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयात व्याख्यान देणार होते आणि त्यांचा परिचय मी करून द्यायचा होता. लेखकाचा परिचय करून देण्यासाठी त्याचं पुस्तक वाचावं लागतं असं नाही. तरी मी म्हटलं, वाचावं. घरी नेलं.

अनुक्रमणिका उघडली आणि शेवटच्या प्रकरणात आमच्याच गावाचं नाव दिसलं. गावाबाहेर एक जुनी बारव आहे, दगडी पायऱ्यांची. तिच्या काठावर शेंदूर लावलेली बारवाई. दर मंगळवारी बायका तिची ओटी भरतात. प्राध्यापकांनी मोजमापं देऊन, आकृती काढून सिद्ध केलं होतं की ही बारवाई म्हणजे बारवेच्या पायरीचा सुटलेला चिरा आहे. देवी बिवी काही नाही.

मी दचकून पुस्तक मिटलं. घरात उंदीर फार, म्हणून ते देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं. चैत्रातली धूळ, म्हणून गुंडाळलं. स्वच्छ असं कापड एकच सापडलं, कोकिळेच्या ट्रंकेतला एक खण. तो लाल होता.

कोकिळा माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाच्या आधी घरात पोथीचा सप्ताह व्हावा, अशी आक्काची इच्छा होती. आक्का म्हणजे सुभद्राबाई, माझी थोरली बहीण. कोकिळा गेल्यावर ती दुसरबीडहून आली आणि माझी आबाळ होऊ नये म्हणून राहिली. तिला अक्षरओळख नाही. पोथी आणायला तिनं मला बरेच दिवस आधी सांगितलं होतं. मी हो म्हणालो होतो. माझ्या हो म्हणण्याला फारसा अर्थ नसतो, हे कोकिळेला ठाऊक होतं. आक्काला अजून व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर दारात चपलांचा ढीग. आत चौरंग मांडलेला, भोवती रांगोळी, समई, नारळाचा कलश, आणि चौरंगावर लाल खणाची घडी उलगडून आमचं नवं पुस्तक. समोर शेजारच्या केसरबाई वाचायला बसलेल्या. केसरबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या पोथ्या त्यांच्याकडे. गद्य आणि पद्य हा भेद त्यांना मान्य नव्हता. छापील ओळ संपली की त्यांची ओवी संपे. मी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा त्या 'सर्व हक्क लेखकाच्या' इथपर्यंत येऊन सूर लांबवत होत्या. 'स्वाधीन' म्हटल्याबरोबर जमलेल्या बायकांनी हात जोडले.

आक्का लगबगीनं ओसरीवर आली. तिचे डोळे भरलेले होते.

"पोथी आनली अन् मले सांगतलं बी नाही," ती म्हणाली. "कोकिळेच्याच खणात बांधली. मी पाहूनच समजली."

"आक्का, ती पोथी..."

"संकल्प सोडला मी तिच्या नावानं. आता समाप्तीपर्यंत एकभुक्त राहीन. चौरंगावरून पोथी हलवायची नाही बरं. पारायण मध्येच मोडलं तं ज्याच्या नावानं बसवलं, तो जीव बी मध्येच अडकते."

मी शिकलेला माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण प्रयोग करून पाहावा, असंही वाटेना. मी चहा आहे का म्हणून विचारलं.

तिथून पुढे माझा जीव टांगणीला लागला. पुस्तक जाड होतं, पण केसरबाईंचा झपाटा दांडगा होता. रोज तिसऱ्या प्रहरी वाचन होई. मी शाळेतून आलो की पान कुठवर सरकलं ते लांबूनच पाही आणि उरलेली पानं मोजी. समाप्तीच्या दिवशी, म्हणजे नेमकं रविवारी, त्या बारवाईच्या प्रकरणाशी गाठ पडणार होती. ऐकायला बसणाऱ्या प्रत्येक बाईनं कधी ना कधी बारवाईला नवस केला होता. आक्कानंही केला होता, कोकिळा आजारी असताना. आणि कोकिळा गेल्यावरही तो फेडून आली होती. लवकर सोडवलं ना तिनं पोरीले, एवढंच म्हणाली होती. त्या आक्काला, कोकिळेच्या नावानं बसवलेल्या पारायणात, तिच्याच भावानं आणलेल्या पोथीतून ऐकू येणार होतं की तू साडी नेसवून आलीस ती एका पायरीला.

मी केसरबाईंना गाठलं. शेवटचा अध्याय जरा सोडता येईल का, असं आडून विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पोथी अर्धी वाचणाऱ्याचं काय होतं ते सविस्तर सांगितलं. त्या खाली बारीक टायपात छापलेल्या टिपासुद्धा सोडत नव्हत्या. मग त्यांनी मलाच शंका विचारली. या पोथीत तत्रैव ऋषी वारंवार येतात, ते कोणाचे शिष्य? तळटिपेत मागचाच संदर्भ पुन्हा द्यायचा असला की विद्वान लोक 'तत्रैव' लिहितात. आमच्या प्राध्यापकांनी ते पानोपानी लिहिलं होतं, आणि बायकांचं मत असं पडलं होतं की जे जे घडलं, त्याला हे ऋषी साक्षीला होतेच. मी म्हणालो, ते फार जुने ऋषी आहेत. (माझ्या विद्वत्तेवर केसरबाईंचा विश्वास बसला तो एवढ्या एका वाक्यामुळे.)

शेवटी एकच उपाय उरला. खूण म्हणून ठेवलेलं मोरपीस गुपचूप उचलून त्या प्रकरणाच्या पुढे, शब्दसूचीत ठेवायचं. केसरबाईंनी सूचीही भक्तिभावानं वाचली असती. पण अंघोळ केल्याशिवाय पोथीला हात लावायचा नाही, हा नियम लबाडी करतानाही मोडवेना. रविवारी उजाडताच विहिरीचं गार पाणी अंगावर घेतलं, ओलं धोतर नेसलो आणि कुडकुडत चौरंगाकडे हात नेला.

मागे आक्का उभी होती.

उघड्या अंगानं, ओल्या धोतरात, पोथीपुढे वाकलेला भाऊ तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिला होता. तिनं पदर डोळ्यांना लावला.

"आज समाप्तीचा अध्याय तूच वाच," ती म्हणाली. "तिले बरं वाटंल."

समाप्ती म्हणून त्या दिवशी वाचन सकाळीच होतं. पाहता पाहता खोली भरली. मी पाटावर बसलो. मोरपीस काढलं. पहिलंच वाक्य होतं: 'बारवाई या नावाने पूजिला जाणारा दगड हा वस्तुतः पायरीचा सुटलेला चिरा होय.' मी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. तेवढ्यात दारात सावली पडली. वाचनालयाचे अध्यक्ष अर्जुनराव पुण्याच्या प्राध्यापकांना घेऊन आले होते. सकाळच्या एस.टी.नं पाहुणे उतरले होते आणि त्यांना घ्यायला मी गेलो नव्हतो, म्हणून अर्जुनराव रागावून आले होते. बायकांच्या रांगेत आपली पत्नी सत्यभामाबाई दिसल्यावर त्यांचा राग ओसरला. दोघं चपला काढून दाराशी बसले.

आता एका बाजूला लेखक, दुसऱ्या बाजूला आक्का आणि मध्ये तो चिरा. पळायला वाट नव्हती. मी त्या वाक्यावर डोळे रोवले आणि केसरबाईंच्या चालीवर तोंडाला येईल ते म्हणू लागलो.

बारवेच्या काठी एक भक्त राहत होता, म्हणालो. फार विसरभोळा. बारवाईला त्याची दया येई. तो पाणी भरायला आला की देवी म्हणे, सदऱ्याची गुंडी तुटली आहे, काढून ठेव. देवी म्हणे, उन्हाचा निघालास, छत्री घेतलीस का. (पोथीत छत्री बसते की नाही, हे पाहायला सवड नव्हती.) भक्त म्हणे, भाजी अळणी आहे. देवी म्हणे, भाजी बरोबर आहे, तुझं लक्ष नाही. देवी रागावली की बोलत नसे, नुसती भांडी जोरानं ठेवी. मग भक्ताला कळे की आपलं काहीतरी चुकलं. काय चुकलं ते मात्र कळत नसे.

मी थांबायला हवं होतं. जमेना. खोलीत कोणी हलत नव्हतं. शेवट तर करायलाच हवा होता, आणि डोळ्यांपुढे ती एकच ओळ होती. म्हणून म्हणालो, एके दिवशी बारव उतरताना भक्ताचा पाय घसरला. तिथली पायरी निखळली होती. देवी म्हणाली, घाबरू नको, ठेव पाय. आणि ती स्वतःच पायरी झाली. भक्त वर आला. वर येऊन पाहतो तर देवी कुठंच नाही. तेव्हापासून लोक त्या पायरीला शेंदूर लावतात.

इति अध्याय समाप्त, असं म्हणून मी पोथी मिटली. माझा आवाज शेवटी फाटला होता. गार पाण्यानं अंघोळ केली की असं होतं.

पहिले हलले ते प्राध्यापक. ते गुडघ्यांवर सरकत पुढे आले. त्यांचा चेहरा उजळला होता. कोणती पोथी ही, त्यांनी विचारलं. बारवाई मूळची पायरी असावी असा त्यांचा तर्क, आणि त्याला लोकपरंपरेत इतका स्पष्ट आधार त्यांना कुठंही मिळाला नव्हता. प्रत पाहायला मिळेल का? त्यांनी हात पुढे केला. मी चौरंगावर जवळजवळ पालथा पडलो. उत्तरपूजा झाल्याशिवाय पोथी देता येत नाही, आक्कानं त्यांना सांगितलं. ते थांबायला तयार होते. असल्या गोष्टीसाठी रात्रभर थांबेन म्हणाले.

आरती झाली, अक्षता टाकल्या. एवढी लहान उत्तरपूजा मी कधी पाहिली नाही. आक्कानं चौरंगावरची पोथी खणात गुंडाळून उचलली, कपाळाला लावली आणि प्राध्यापकांच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी खण बाजूला केला.

ते बराच वेळ त्या पहिल्या पानाकडे पाहत राहिले. पान त्यांच्याच नावाचं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, भिंतीवरच्या फोटोकडे आणि त्याच्या ताज्या हाराकडे. आक्का प्रसादाची वाटी घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. एकभुक्त राहून तिचा चेहरा उतरला होता. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर तिचा सप्ताह तिथंच मोडला असता.

त्यांनी पुस्तक कपाळाला लावलं.

"ग्रंथ चांगला आहे," ते म्हणाले.

एवढा निःपक्षपाती अभिप्राय मी कुठल्याच लेखकाकडून ऐकलेला नाही. संध्याकाळच्या व्याख्यानात ते तासभर वऱ्हाडातल्या देवींवर बोलले. आमच्या बारवेचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी परिचय करून दिला, तो त्या मानानं बरा झाला.

इथं थांबता आलं असतं. पण त्या आठवड्यापासून वाचनालयात बायका येऊ लागल्या. आधी केसरबाई, मग सत्यभामाबाई, मग सगळी गल्ली. सगळ्यांना तेच पुस्तक हवं, आणि त्यातला तोच अध्याय, छत्रीचा. आता तो सापडणार कुठून? बारवाईचं प्रकरण उघडलं तर नुसती मोजमापं आणि आकृत्या. (प्राध्यापक पायरी म्हणतात, ते कोणाला खटकलंच नाही. पायरीच तर झाली ना ती, असं सगळ्यांचं मत.) मग देवी सदरा काढून ठेव म्हणते ती पानं कुठं गेली? पोथी घरी कोणी नेली होती? चिटणिसानं. शेवटची कोणी वाचली? चिटणिसानं. सत्यभामाबाईंनी अर्जुनरावांना सांगितलं, अर्जुनरावांनी कार्यकारिणी बोलावली, आणि एकमतानं ठरलं की पानं फाडणाऱ्याला ताकीद देणारी सूचना भिंतीवर लावावी. ती चांगल्या अक्षरात लिहायचं काम चिटणिसाकडे आलं. खाली सही चिटणिसाची. लावायची जागा, चिटणिसाच्या खुर्चीच्या बरोबर वर.

त्या दिवशी मी घरी येऊन गुमान जेवायला बसलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. भाकरी वाढता वाढता आक्का म्हणाली की लोकांचं काही मनावर घेऊ नको, तू पानं फाडली नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे. मला गहिवरून आलं. सगळ्या गावात निदान एका माणसाचा माझ्यावर विश्वास होता. तुला कसं ठाऊक, मी विचारलं.

"त्यात काय," आक्का म्हणाली. "मले वाचता येत नाही, पन केसरबाईले वाचतानी पाह्यलं ना मी. ते घडीघडी पान उलटे. तू तं अख्खा अध्याय सांगतला अन् एकबी पान उलटलं नाही."

तिनं भाकरीवर तूप घातलं.

"पुढच्या खेपेले उलटत जाय," ती म्हणाली.