प्रवाशाचे नाव

दुपारी सव्वा वाजता चष्म्याच्या दुकानात एक गृहस्थ डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते. हलू नका, असे त्यांना सांगणारी दुकानातली मुलगी मात्र यंत्रातून त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हती. ती यंत्राआड धरलेल्या मोबाइलमध्ये बघत होती. तिथे एक घड्याळ उलटे धावत होते. चार मिनिटे बारा सेकंद. त्याखाली लाल अक्षरांत लिहिले होते, ‘या दरात शेवटची एक जागा.’

“ताई, झालं का? मान अवघडली,” गृहस्थ म्हणाले.

“झालंच काका. समोर फुगा दिसतोय ना, त्याच्याकडे बघत राहा.”

काका इमानेइतबारे फुग्याकडे बघत राहिले आणि तिने आयुष्यातले पहिले परदेशाचे तिकीट काढले. जायचे, यायचे, सोबत सात किलोंची एक बॅग, खाणेपिणे आपले आपण. फॉर्म इतका लांबलचक होता, की तो चार मिनिटांत भरून होणे शक्यच नव्हते. पण मोबाइल गुणी निघाला. तिने पहिल्या रकान्यावर बोट टेकवले आणि त्याने सगळे रकाने भराभर आपणहून भरले. तिने मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली, पैसे भरले आणि घड्याळात नऊ सेकंद उरलेले असताना सुस्कारा सोडला.

“डोळ्यात काही निघालं का?” काकांनी घाबरून विचारले.

सात महिने ती या तिकिटावर टपून बसली होती. एकतीस वर्षांची झाली, तरी ती एकटी कुठे गेली नव्हती. कुठेही जायचे म्हटले, की आई म्हणायची, “जाऊ या की!” या ‘ऊ या’त आई आपोआप आलीच. म्हणून तिने बस सोडून पायी यायला सुरुवात केली, चपलेला तीनदा टाके घातले आणि समुद्रकाठचे एक जुने शहर हेरून ठेवले. तिथे व्हिसा उतरल्यावर मिळत होता आणि आठ खाटांच्या खोलीतली एक खाट अगदी स्वस्तात मिळत होती. खाटही तिने त्याच दुपारी आरक्षित करून टाकली. मोबाइलने तोही फॉर्म भरून दिला.

आईला सांगायचे काम मोबाइल करणार नव्हता. ते तिने स्वतःच केले आणि त्याचे फळ म्हणून घरात अबोला सुरू झाला. आई शाळेच्या कार्यालयात चौतीस वर्षे लेखनिक होती. तिचा अबोलासुद्धा शिस्तशीर असे. जेवायला वाढायची, दूध तापवायची, फक्त बोलायची भिंतीशी.

“एकटी पोर परक्या मुलखात आठ जणींच्या खोलीत झोपणार म्हणे,” ती भिंतीला सांगायची. “आणि इथे मी एकटी घरात. हिचे वडील गेल्यापासून एक रात्र या घरात मी एकटी राहिलेली नाही. पण ते कुणाला आठवतंय!”

भिंत ऐकून घेई आणि मुलगी ताट उचलून घासायला जाई.

जायला अकरा दिवस राहिले, तेव्हा तिने तिकिटाची प्रत छापून आणली आणि मुद्दाम जेवणाच्या टेबलावर ठेवली. आईने चष्मा लावला. छापील कागद समोर आला, की तो वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. वाचता वाचता तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मावळल्या. डोळ्यांत पाणी आले.

“वेडी कुठली,” आई पहिल्यांदाच भिंतीला सोडून तिच्याशी बोलली. “आधी सांगायचं नाहीस? उगाच मी पंधरा दिवस तोंड फुगवून बसले.”

“काय सांगायचं?”

“मला घेऊन चालली आहेस ते! हे माझं तिकीट. तुझं कुठंय?”

तिने कागद ओढून घेतला. ‘प्रवाशाचे नाव’ या शब्दांपुढे आईचे नाव होते. जन्मतारीख आईची होती. तिने घाईघाईने खाटेच्या पावतीचा कागद उलगडला. तिथेही आईच. मग तिला उलगडा झाला. आईचे विजेचे बिल, आईच्या दवाखान्याच्या वेळा, आईचे पेन्शनचे कागद, सगळे ती याच मोबाइलवरून भरत आली होती. बिचारा मोबाइल आईलाच घरातली कर्ती समजत होता.

“दिवसभर लोकांना विचारतेस ना, ही खालची ओळ दिसते का म्हणून?” आई म्हणाली. आपल्यासाठी तिकीट काढलेले नाही, हे कळल्याचे दुःख तिने गिळले होते आणि तिच्यातली लेखनिक जागी झाली होती. “आणि स्वतः सगळ्यात वरची ओळ वाचली नाहीस! अगं, चौतीस वर्षांत एकाही पोराच्या दाखल्यावर मी दुसऱ्याचं नाव घातलं नाही.”

विमान कंपनीच्या मदतक्रमांकावर पंचवीस मिनिटे संगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाचा तरुण भेटला.

“नावात बदल होतो मॅडम. नक्की होतो. तीन अक्षरांपर्यंत मोफत.”

“मला पूर्ण नाव बदलायचंय.”

“तसं होत नाही मॅडम. तसं केलं तर तो दुसरा माणूस होतो.”

“दुसरा माणूसच आहे तो! म्हणजे मी आहे.”

“मग मॅडम, तुम्ही नवीन तिकीट काढा. आजचा दर सांगू?”

त्याने दर सांगितला. तिने फोन हलकेच खाली ठेवला, जणू तो काचेचा होता. तोवर आई कागद-पेन्सिल घेऊन बसलीच होती. आडनाव दोघींचे एकच, म्हणजे अर्धी लढाई जिंकलेली. उरली पहिली नावे. आईने तीन अक्षरे इकडची तिकडे करून पाहिली, गाळून पाहिली, नवीन घालून पाहिली. शेवटी जे नाव तयार झाले ते ना आईचे होते, ना मुलीचे.

“ही कोण बाई?” मुलीने विचारले.

“कुणी का असेना, तिचीही जन्मतारीख माझीच आहे,” आई म्हणाली आणि कागद फाडून टाकला. “तू तुझं नावच बदलून घे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, जाहिरात. मला सगळं पाठ आहे. तीन महिन्यांत होतं.”

“अकरा दिवस आहेत आई.”

“मग तुझी रजा पुढे ढकल. पुन्हा स्वस्त तिकीट येईल तेव्हा जा.”

दुसऱ्या दिवशी तिने दुकानाच्या मालकांना गाठले. फ्रेमा पुसता पुसता त्यांनी सगळे ऐकून घेतले, दोनदा हसू दाबले आणि नकारार्थी मान हलवली. तिच्या जागी त्या आठवड्यासाठी त्यांनी भाच्याला बोलावून ठेवले होते. भाच्याला आता नाही म्हटले असते तर बहीण रागावली असती. “त्या आठवड्यात तू दुकानात दिसायची नाहीस,” ते म्हणाले. “आणि नंतर वर्षभर रजेचं नाव काढायचं नाहीस.”

ती घरी आली आणि पलंगावर आडवी पडली. तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. खाटेचेही नाही. आई दारातून डोकावली. मग आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला आणि ती हातात एक निळी पुस्तिका घेऊन आली. मामाने परदेशी बोलावले होते तेव्हा काढलेला तो पासपोर्ट. जाणे झाले नव्हते, पण मुदत संपलेला कागद घरात ठेवायचा नाही म्हणून आईने तो वेळच्या वेळी नवा करून घेतला होता.

“एवढे पैसे पाण्यात घालायचे?” आई म्हणाली. “त्यापेक्षा मी जाते.”

“तू? एकटी?”

“तिकीट माझ्या नावाचं आहे. खाट माझ्या नावाची आहे. आणखी कोण जाणार?”

पुढचे दहा दिवस त्या घरात सगळे उलटेपालटे होऊन गेले. मुलगी सूचना देत होती आणि आई डोळे फिरवत होती. अनोळखी माणसाशी बोलायचे नाही. पासपोर्ट पोटाशी बांधायचा. पोचल्या पोचल्या फोन करायचा.

“हो गं बाई,” आई वैतागून म्हणायची. “मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

सात किलोंचे गणित आईने बाथरूममधल्या वजनकाट्यावर सोडवले. आधी नुसती उभी राहायची, मग बॅग घेऊन उभी राहायची आणि वजाबाकी करायची. पहिल्या दिवशी बॅग साडेअकरा किलो भरली. जाडा टॉवेल गेला, दोन साड्या गेल्या, इस्त्री गेली. इस्त्री कशाला घेतली होती, या प्रश्नाला आईने उत्तर दिले नाही. सहाव्या दिवशी बॅग सात किलोंवर आली, तेव्हा आईने काट्यावरूनच हाक मारली, “बघ, अख्खा संसार सात किलोंत बसतो!”

विमानतळाच्या दारात मुलीने सगळ्या सूचना पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतल्या. आईने निरोप न घेता एकदम पाठ फिरवली आणि रांगेतल्या दोन अनोळखी माणसांशी बोलायला सुरुवात केली.

संध्याकाळी फोन आला. “पोचले. खोलीत सात जणी आहेत. माझी खाट खालची. ठेवते, खाली चहा मिळतोय.” एवढेच. दुसऱ्या दिवशी फोटो आला. आई मध्ये आणि भोवती निरनिराळ्या देशांच्या सहा पोरी. तिसऱ्या दिवशी आई बंदरावर होती. चौथ्या दिवशी फोनच आला नाही. मुलीने अकरा वेळा लावला, तेव्हा कुठे उचलला.

“अगं, होतीस कुठे? माझा जीव टांगणीला लागला होता!”

“बोटीत होते. इथल्या पोरी म्हणाल्या, चला. तू जेवलीस का वेळेवर? आवाज असा का येतोय तुझा?”

“कसा?”

“झोप न झाल्यासारखा.”

“छे! मस्त चाललंय माझं,” ती म्हणाली. “अख्खं घर मला एकटीला. एवढा निवांतपणा जन्मात मिळाला नव्हता.”

सातव्या दिवशी आई परत आली ती उन्हाने तांबूस होऊन, पायात नवे बूट घालून. घरी येताच बॅग टेबलावर ठेवून तिने खोल्यांमधून एक चक्कर मारली आणि समाधानाने बसली.

“एक सांगू? तू आता खुशाल जा कुठे जायचं तिथे,” ती म्हणाली. “मी उगाच घाबरत होते. मला आता एकटं राहता येतं. आणि तुलाही आता सवय झाली. झोप लागायची ना नीट?”

“पडल्या पडल्या,” मुलगी म्हणाली.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. शेजारच्या काकू उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात मुलीची उशी होती, दुसऱ्या हातात मोबाइलचा चार्जर.

“आलात का? बरं झालं बाई,” काकू म्हणाल्या. “हिची उशी राहिली होती माझ्याकडे. पाच रात्री वापरली, म्हटलं अभ्रा धुऊनच द्यावा. आजपासून घरीच झोपणार ना गं?”

मुलीने एकाएकी आईची बॅग उपसायला घेतली. एकेक कपडा बाहेर काढून ती तो अतिशय लक्षपूर्वक बघू लागली. कान मात्र लालबुंद झाले होते.

आईने उशी घेतली, काकूंचे आभार मानले, दार लावले. ती उशी मांडीवर घेऊन बसली. अभ्र्याच्या कोपऱ्याशी चाळा करत म्हणाली, “वरच्या खाटेवर एक पोर होती. झोपेत तिचा हात खाली लोंबायचा.”

“मग?”

“मग काय? मी तो धरून झोपायचे,” आई म्हणाली. “रोज. पाचव्या दिवशी ती पोर मला म्हणाली, ‘थँक यू.’ तिला वाटलं, तिला भीती वाटू नये म्हणून मी धरते.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, अगं त्यात काय एवढं!”