सुधीरने लावलेला कौल

आमच्या शेजारचा सुधीर चपला घ्यायला गेला की एका पायात एका जोडीतली, दुसऱ्या पायात दुसऱ्या जोडीतली, असा दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत चालून बघतो. दुकानदार मागे धावतो. शेवटी दोन्ही परत करून जुन्याच चपला फरफटत घरी येतो आणि वर मला सांगतो, "काकू, दोन्ही बाजू बघायला हव्यात."

वय पन्नास, बँकेत नोकरी, कोथरूडला स्वतःचा फ्लॅट. बायको वारली तेव्हा पोरगी, ईशा, दुसरीत होती. पोरीला त्याने वाढवलं मात्र चांगलं. वेणी घालायला माझ्याकडून शिकला. भांग उजवीकडे पाडू की डावीकडे, यात शाळेची बस चुकायची, ते सोडा.

यंदा ईशा दहावी झाली आणि घराला घोर लागला. तिला इंजिनिअर व्हायचंय. क्लासमध्ये बॅच दोन, एक सीईटीची आणि एक जेईईची. सीईटी दिली तर पुण्यातच कॉलेज. जेईई अवघड, पण निघाली तर आयआयटी, म्हणजे पोरगी कुठल्या कुठे जाणार. परीक्षा दोन्ही देता येतात, पण अभ्यास एकीचाच धड होतो, असं क्लासवाले म्हणाले. शनिवारपर्यंत बॅच सांगा, नाहीतर जागा गेली.

ईशाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाबा, जेईई."

"हो गं, पण दोन्ही बाजू..."

मग सुधीरने अख्खं कोथरूड विचारून काढलं. इस्त्रीवाला झाला, वॉचमन झाला. वॉचमन म्हणाला, "साहेब, ज्या बॅचची बस दारावरून जाते ती घ्या." दातांच्या डॉक्टरला तर तोंडात यंत्र असताना विचारलं. दुखतंय समजून त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं.

"सीईटीत चुकलं तर मार्क कापत नाहीत, काकू. जेईईत कापतात," सुजलेल्या गालाने मला सांगत होता. "पोरीला किती ताण!"

"पेपर तुझा आहे की तिचा?"

"तिचाच. पण..."

शुक्रवारी ईशा माझ्याकडे येऊन बसली. नखं खाऊन बोटं लाल केलेली. पोहे दिले, तर चमचा नुसता फिरवत राहिली. "आजी, उद्या जागा गेली तर?"

मी तडक शेजारी गेले. "सुधीर, उद्या सकाळी ठरव. नाहीतर मी रिक्षा करते आणि तोंडाला येईल ती बॅच सांगून येते."

सुधीर मूळचा मालवणकडचा. तिकडे माणसं अडली की देवाला कौल लावतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओली पाकळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. शनिवारी सकाळी त्याने घरच्या दगडी गणपतीला कौल लावला. ईशाला डोळे मिटून हात जोडायला लावलं आणि मला म्हणाला, "काकू, मी थांबलो की 'व्हय म्हाराजा' म्हणायचं."

"बा देवा म्हाराजा, ह्या पोरीक जेईईक घालूचा असात, तर उजवो दी!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. आमटी गॅसवर होती.

डावी पाकळी पडली.

मला वाटलं, सुटला. पोरगी पुण्यातच राहणार, देवानेच सांगितलं. पण सुधीरचा चेहरा उतरला. "पंखा चालू होता," तो पुटपुटला. पंखा बंद करून पाकळी पुन्हा लावली, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा डावीच पडली.

ईशाचे डोळे मिटलेलेच होते. ओठ नुसते 'जेईई, जेईई' म्हणत होते. सुधीर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने बोट पुढे केलं आणि उजवी पाकळी हळूच पाडली. डावी उचलून होती तिथे चिकटवली.

"ईशा, डोळे उघड. उजवी पडली बघ."

पोरगी किंचाळली, बापाच्या गळ्यात पडली, आणि क्लासला फोन करायला आत पळाली. सुधीरने माझ्याकडे पाहिलं. मी मूर्तीकडे पाहत राहिले.

"काकू," तो हळूच म्हणाला, "जायचं ते बारावीनंतरच ना? तोवर इथेच ना?"

"इथेच. दोन वर्षं आहेत."

"दोन वर्षं म्हणजे पुष्कळ झाली," तो म्हणाला आणि तिथेच पाटावर बसून राहिला.